निळी ताडपत्री

दरीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून प्रदर्शनात तो दारासमोरच लावला होता. फोटोग्राफर ऐटीत शेजारी उभा होता. तेवढ्यात दरीतला म्हातारा मेंढपाळ बायकोला घेऊन आत आला. पेपरात बातमी वाचून आले होते, दोघंही ठेवणीतल्या कपड्यांत.

ढग हटेपर्यंत फोटोग्राफर यांच्याच अंगणात दोन तास बसला होता, यांचाच चहा दोनदा प्यायला होता. समोरची टेकडी चढायला निघाला, तेव्हा म्हातारीने विचारलं होतं, "आमचं घर येईल ना फोटोत?"

"म्हणजे काय! येणारच."

आलंही होतं. पण छपरावरची निळी ताडपत्री त्या हिरव्यागार दरीत डोळ्यांना खुपायला लागली, म्हणून त्याने कॉम्प्युटरवर अख्खं घरच पुसून टाकलं.

म्हातारा फोटोला नाक लावून शोधत राहिला. शेवटी ओशाळून म्हणाला, "चष्मा विसरलो बघा. साहेब, तुम्हीच दाखवा हिला आपलं घर."

फोटोग्राफर पुढे झाला. त्याने नुसत्या गवतावर बोट ठेवलं.

म्हातारीने गवताकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"दिसलं हो," ती नवऱ्याला म्हणाली. "ताडपत्रीसुद्धा दिसतेय."