पिशवीची वेळ

आज सुवर्णानं सासूला खोलीतून हाकललं नाही, हे लंकाबाईंना मुळीच आवडलं नाही.

एरवी दुपारच्या पिशवीची वेळ झाली की ही सून तोंडाला मास्क बांधून दारात उभी राहायची, ठाणेदारासारखी. "आत्याबाई, बाहेर व्हा. पंखा बंद करा. ती फुलांची पाटीसुद्धा उचला." मग दार लावून कोपरापर्यंत हात घासत बसायची, जशी काही आत्ताच शेण थापून आली आहे. सासऱ्याच्या, सावळीरामांच्या, पोटात बसवलेल्या नळीला औषधी पाण्याची पिशवी जोडायची. किडन्या गेल्यापासून त्यांचं काम ते पाणी करायचं. लग्नाच्या बायकोला नवऱ्याच्या खोलीबाहेर काढणारी सून, म्हणून लंकाबाईंनी तिची कीर्ती आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत पोचवली होती.

आणि आज ती खाटेच्या कडेला नुसती बसलेली. मास्क हनुवटीखाली. कोमट केलेली पिशवी मांडीवर निवत चाललेली.

"काय गं, मुहूर्त बघायचाय का?"

"मी नाही लावत, आत्याबाई. यांना सांगा गाडी काढायला. तात्यांना शहरात नेऊ, दवाखान्यात. मशीनवर."

मशीन म्हटल्याबरोबर सावळीरामांनी भिंतीकडे तोंड केलं. नळी बसवायच्या आधी ते रक्त साफ करणाऱ्या मशीनवर जात. अर्धा अर्धा दिवस पडून राहायचं, घरी यायचं ते चोथा होऊन. पुन्हा तिथं नेऊ नका, असं त्यांनी पोटच्या लेकाला हात जोडून सांगितलं होतं.

पण गेल्या आठवड्यात पोटातून निघालेलं पाणी गढूळ आलं. ताप चढला, पोटाला हात लावू देईनात. दवाखान्यातून कालच कुठं माणूस घरी आला होता. डॉक्टर म्हणाले, हे जंतू बाहेरचे नाहीत, आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतात. कातडीवर आहेत तोवर गरीब. नळीतून आत शिरले की जिवावर उठतात. लंकाबाईंना रागच आला होता. रोज कढत पाण्यानं आंघोळ करणाऱ्या माणसाच्या अंगावर जंतू? "माझ्याही अंगावर आहेत, आजी," असं डॉक्टर हसून बोलले, तेव्हा कुठं त्या गप्प बसल्या.

"टोपण काढताना माझं बोट लागलं होतं," सुवर्णा खाली बघत म्हणाली. "नळीच्या तोंडाला. जरासंच. हात तर धुतलेले होते. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. कुणाला बोलले नाही." तिनं हात पुढं धरले. घासून घासून बोटांची सालं निघाली होती. "कितीही धुवा, ते थोडे राहतातच म्हणे. माझ्या हातानं तात्या गेले असते."

लंकाबाईंच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. पाठ सगळं ऐकत होती.

त्या उठल्या, ओट्यावरून झेंडूची पाटी आणली आणि खोलीच्या मधोमध ओतली. पंखा पाचावर केला. पाय पसरून बसल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. माती, पाकळ्या, सगळं भिरभिरायला लागलं.

"हे काय करताय?"

"माळा. तुला पिशवी लावायची नाय ना? मंग खोली मोकळीच हाय."

"धूळ उडतीये, आत्याबाई."

"उडू दे. घर आपलं, धूळ आपली." लंकाबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि तोच हात सावळीरामांचं पांघरूण सारखं करायला पुढं नेला.

"हात लावू नका!" सुवर्णा ताडकन उठली. "उठा आधी. उठा म्हणते ना! पंखा बंद करा. ही फुलं उचला, एक पाकळी राहायला नको. मी खोली पुसून घेते, आणि मी सांगेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही!"

तिनं मास्क वर ओढला, पिशवी पुन्हा उबेला ठेवली.

लंकाबाईंनी फुलं भरली. सावकाश, वेचून वेचून. खाटेखाली गेलेली एक पाकळी सुवर्णानं बोट दाखवून उचलायला लावली, तीही उचलली. पंख्याचं बटण स्वतः बंद केलं. सावळीराम भिंतीकडून वळले होते. बनियन वर करून वाट बघत होते.

दार लागलं. आत फरशी पुसल्याचा आवाज झाला, मग नळ सुरू झाला, तो बराच वेळ चालला.

पाटी कडेवर घेऊन लंकाबाई बंद दाराशी उभ्या होत्या. आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"लय कजाग हायेस, सुवर्णे. अशीच ऱ्हा."