वर केलेला हात

"साहेब, मला जरा बोलायचं हाय," भिमाजीनं तिसऱ्यांदा सांगितलं.

चंदर साहेब मोरीत बसून सात जणांची ताटं घासत होते. नाशिक रोडच्या त्या प्रशिक्षण केंद्राचे ते प्रमुख. पण दुसऱ्याला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, अशी सवय. सगळ्यांना उपास सांगितला की यांच्याही पोटात पाण्याशिवाय काही नाही.

"जाण्याबद्दल असेल तर आत्ता नको. उद्या सकाळच्या प्रार्थनेत विचारणारच आहे. डोळे मिटून. म्हणजे कुणाला कुणाची लाज वाटायला नको."

भिमाजीच्या जिवात जीव आला.

येवल्याकडच्या एका खेड्यातल्या चर्चचा तो पाळक. गेले सहा महिने आणखी सहा पाळकांबरोबर आफ्रिकेत जाऊन सुवार्ता सांगायचे धडे घेत होता. स्वाहिलीतली गाणी पाठ झाली, सायकलचं पंक्चर काढता येऊ लागलं. जायचं होतं तीन वर्षांसाठी. गावानं हार घालून पाठवलं आणि दोनच महिन्यांत बायकोचं, साळूबाईचं, डावं अंग लुळं पडलं.

मूल ना बाळ. शेजारची नवसाबाई भरवायची, तर तीही आता लेकीकडे कायमची निघालेली. गेल्या रविवारी भिमाजी घरी जाऊन आला. "जा तुम्ही," साळूबाई म्हणाली, "देवाच्या कामाला नाय म्हनू नये." म्हणाली खरी, पण त्याच्या शर्टाची बाही काही सोडेना. शेवटी एकेक बोट सोडवून त्याला एसटी गाठावी लागली.

आता माणसानं करायचं काय? बाकीच्यांकडे पाहिलं की त्याची जीभच टाळूला चिकटायची. धोंडीराम रोज पेटी भरायचा, रिकामी करायचा, पुन्हा भरायचा. एवढी त्याला घाई. शांतवन निरोपाचं गाणं म्हणताना ढसाढसा रडायचा. आत्म्यानं भरलाय, म्हणायचे सगळे. आणि यांच्यात आपण एकटेच कच्चे, या विचारानं भिमाजी पार खचला होता.

सकाळी सतरंजीवर सात जण गुडघे टेकून बसले. साहेबांच्या हातात मुंबईच्या मिशन कचेरीतून आलेलं पत्र होतं.

"सात जागा आहेत. नावं दुपारी कळवायची. मी काय शिकवलंय, लक्षात आहे ना? आमेन म्हणजे देवासमोर केलेली सही. त्यानंतर माघार नाही. तेव्हा आधीच विचारतो. डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले.

"ज्याला जाणं शक्य नाही, त्यानं हात वर करा. कारण विचारणार नाही."

भिमाजीचा हात मांडीवरून उचलेना. गाव काय म्हणेल? मग ती बाही आठवली, ती घट्ट मूठ आठवली. त्यानं हात वर केला. लाज वाटली, आणि त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

पण साहेब 'खाली घ्या' म्हणेनात. पुढं धोंडीरामाचं धिप्पाड अंग. आपला हात दिसत नसेल काय? त्यानं तो आणखी ताणला. दंड भरून आला. शेवटी राहवेना, तेव्हा वीस वर्षांत प्रार्थनेत कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं. एक डोळा किलकिला केला.

धोंडीरामाचा हात वर होता. शांतवनचा होता. सहाच्या सहा हात वर होते.

समोर साहेबांचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"प्रभू," ते म्हणाले, "एकही हात वर नाही, यासाठी तुझे उपकार मानतो."

आणि बाकी सहा जणांबरोबर भिमाजीच्याही तोंडून सवयीनं निघून गेलं, "आमेन."