नाशिकहून आलेला वरवंटा

झबलं वरवंट्याला घट्ट होत होतं. शुभदाबाईंनी तरी ते ओढूनताणून बसवलं, वर टोपडं बांधलं आणि काजळाची तीटही लावली. हा अडीच किलोचा दगड त्यांनी नाशिकहून बॅगेत घालून आणला होता. वजन जास्त भरलं तेव्हा विमानतळावर डिंकाच्या लाडवांचा डबा बाहेर निघाला, वरवंटा नाही. धाकट्या अपूर्वाच्या बाळाचं बारसं नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आहे म्हणून काय रीत सोडायची?

टेबलावर घुगऱ्यांशेजारी शेजारच्या डच आजींनी आणलेली बडीशेपेची बिस्किटं मांडली होती. थोरली पूर्णिमा पाळण्याला झेंडूची माळ बांधत होती आणि आईचं बोलणं ऐकून शरमेने अर्धी होत होती. येणाऱ्या प्रत्येकीला आई तेच सांगत होती, "आमच्या पूर्णिमाचा उपग्रह जातोय मंगळवारी. स्वतः केलाय तिनं!" नाशिकला तर पेढेही वाटून झाले होते. पूर्णिमा फोनवर एवढंच म्हणाली होती, की आमच्या कंपनीचं रॉकेट पहिल्यांदाच उडणार आहे आणि त्यात मी केलेली वस्तू जाणार आहे. उपग्रह आईने पदरचा घातला. तो काढून घ्यायचा धीर पूर्णिमाला झाला नाही.

"कुठला उपग्रह, काकू?" अपूर्वाच्या नवऱ्याचा मित्र चंद्रहास मोबाईलमधून डोकं वर काढत म्हणाला. "वेबसाइटवर तर लिहिलंय, फर्स्ट फ्लाइटमध्ये फक्त डमी आहे."

आईने पूर्णिमाकडे पाहिलं.

"डमी म्हणजे काय गं?"

"ठोकळा, आई. ॲल्युमिनियमचा." पूर्णिमा म्हणाली. "उपग्रहाइतकाच जड, तेवढाच उंच. आत काही नाही. रॉकेट नवीन आहे ना. ते भार पेलतं का, कुठे डगमगतं का, हे आधी कळायला हवं. पहिल्याच खेपेला आपला खरा उपग्रह कोण देईल?"

वर्षभर तिने त्या ठोकळ्याचं वजन ग्रॅमग्रॅमने जुळवलं होतं. ऑफिसातले सगळे त्याला हसून वीट म्हणायचे. ते तिने सोसलं होतं. पण आज आईचं हसं झालं आणि तेही आपल्यामुळे, हे तिला सोसवेना. ती माळेची गाठ उगाचच पुन्हा सोडून बांधू लागली.

शुभदाबाईंनी झबल्या-टोपड्यातला वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, रिकाम्या पाळण्यात ठेवला आणि दोरी ओढली. पाळणा कुरकुरला, झुलला आणि नीट झुलत राहिला. अपूर्वा बाळाला घेऊन बाजूला उभी होती. बाळाला अजून थांबायचं होतं.

"चंद्रहास, बघितलंस का रे, बाळाच्या आधी पाळण्यात कोण गेलं?" शुभदाबाई म्हणाल्या. आवाजात पेढे वाटतानाचाच तोरा होता, उलट काकणभर जास्तच. "पहिला मान ह्याचा असतो. आता सगळ्यांना नीट सांग, माझ्या लेकीने रॉकेटचा वरवंटा घडवलाय."