रिकामी सीट

हिरामण गेल्यापासून त्याचा ट्रॅक्टर नामपूरच्या मळ्यात नुसता पडून होता. २००१ च्या दिवाळीनंतर त्याच्या बायकोनं, चंद्रभागेनं ठरवलं, की तो विकायचा नाही. रंगवायचा आणि आपणच चालवायचा. भर दुपारी मुलीला घेऊन ती पॉलिश पेपरनं जुना लाल रंग घासायला लागली.

"आई, सीट बघ," पल्लवी हळूच म्हणाली.

रिकाम्या सीटची स्प्रिंग पार दबली होती.

सासरे सावळीराम जवळ आले आणि त्यांनी वाकून सीट बघितली. "हिरामण असाच बसायचा," ते म्हणाले. "डावीकडं कलून."

पल्लवी आईला बिलगली. चंद्रभागेनं पदर खोचला.

"उठा आता," ती सीटकडे बघून म्हणाली. "मला शिकायचं हाय."

स्प्रिंग कुरकुरली. सीट हळूहळू वर आली.

चंद्रभागा चढून बसली. स्टिअरिंग हातात येताच तिची भीती कुठल्या कुठे गेली.

तेवढ्यात शेजारचं मडगार्ड करकरलं. त्यावरची लाल भुकटी आपोआप फिसकटली, शिकवणाऱ्यानं तिथं टेकून बसावं तशी.