बंदुकीच्या तोंडापुढं

रायफलीचा बोल्ट उघडेना. टेबलाशी बसलेल्या ओरिननं त्याची मूठ वर रेटली, दातओठ खाल्ले, तरी ती जागची हलेना.

"बंदूक आहे की तिजोरी?" मागून कोणीतरी म्हणालं. खरेदीदार हसले.

रोवेनानं लाकडी हातोडी घेऊन मुठीवर दोन ठोके घातले, तेव्हा कुठं रिकामं काडतूस बाहेर आलं. हॅस्केलच्या कारखान्यात लांब पल्ल्याच्या मॅग्नम रायफलींची चेंबरं, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, तीच कोरायची. तिचा धाकटा भाऊ ओरिन त्या झाडून दाखवायचा. आज वायोमिंगच्या माळावर नव्या रायफलीचा पहिला जाहीर बार होता.

तिनं काडतूस उलटं करून पाहिलं. बुडाची टिकली चेपून सपाट झाली होती. शेजारी पितळ घासून चकाकत होतं. आत दाब फार झाल्याची ही खूण होती.

"हॅस्केल, माझ्या चेंबरला कोणी हात लावलाय?"

"हळू बोल." हॅस्केल जवळ आला. "गोळीचा वेग कमी पडत होता. चेंबरचा पुढचा गळा जरा आखूड करून घेतला, दारू वाढवली. तरी बघ, सेकंदाला तेहेतीसशे फूटच. जाहिरातीत चौतीसशे छापून झालेत. हे दुसरं काडतूस घे, यात आणखी दारू आहे."

"फुटेल ही."

"काही होत नाही. मी आहे ना!"

त्यानं काडतूस ओरिनच्या हातात ठेवलं. ओरिननं बहिणीकडं पाहिलं. "रो, दोघांचीही चूल याच कारखान्यावर पेटते," तो पुटपुटला आणि काडतूस भरून दस्त्याला गाल लावला.

रोवेना टेबलाला वळसा घालून गेली आणि सरळ नळीसमोर उभी राहिली.

कोणाच्या तरी हातातली कॉफी सांडली. ओरिननं झटक्यात बोट चापापासून दूर केलं.

"वेड लागलं का तुला?" हॅस्केल ओरडला. "बंदुकीच्या तोंडापुढं उभी राहतेस?"

"हिचं तोंड धोक्याचं नाही. धोका मागं आहे, माझ्या भावाचा गाल टेकलाय तिथं."

ओरिन उठला.

"उद्यापासून दोघांनीही कारखान्यात पाय ठेवायचा नाही!" हॅस्केल गरजला.

"नाही ठेवत. पण काही होत नाही म्हणालात ना? मग बसा तुम्ही. तुम्ही बसलात की मी बाजूला होते."

खरेदीदारांच्या माना हॅस्केलकडं वळल्या. तो हसला. बाह्या सावरून बसला, दस्ता खांद्याला लावला. ठरल्याप्रमाणे रोवेना बाजूला झाली. सगळ्यांनी कानांत बोटं घातली.

बार झाला नाही.

हॅस्केलचा गाल दस्त्यापासून वीतभर लांबच होता. कपाळावरून घाम ओघळत होता. दूर लक्ष्याजवळ लावलेलं फडकं लुळं लोंबत होतं.

तो उठला. गुडघे झटकले.

"आज वारा फार आहे," तो म्हणाला.