तीन तास पन्नास मिनिटं

बाबांना जाऊन दोन तास झाले होते आणि धाकट्याचं विमान अजून समुद्रावरच होतं. ताई बाबांच्या पलंगाशी फोन घेऊन बसली होती. स्क्रीनवर एक चिमुकलं विमान निळ्या रंगावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं.

"त्याला काही कळता कामा नये," आईने तिसऱ्यांदा बजावलं. "घरी आला की मी सांगेन. तोवर एकटा त्या खुर्चीत बसून काय करेल तो?"

ताईने मान डोलावली. बाहेर माणसं जमत होती. जो तो दारातून डोकावून एकच विचारत होता, "अजून किती तास?" काकांनी तर चारदा विचारलं. बाबांना न्यायचं धाकट्यासाठीच थांबलं होतं, त्यामुळे विचारणाऱ्यांचंही काही चुकत नव्हतं. तरी ताईला प्रत्येकाचा राग येत होता.

इतक्यात विमानातल्या वायफायवरून धाकट्याचा मेसेज आला. "ताई, बाबांना विचार ना, किती राहिलं?"

हे त्या बापलेकांचं जुनंच होतं. बाबांनी तीस वर्षं विमानतळावर उड्डाणांचे मार्ग आखले. धाकटा विमानात बसला की वाटेतून त्यांना हे विचारणारच, समोर सगळं दिसत असलं तरी. आजही विमान सुटल्यावर एकदा विचारून झालं होतं. श्वास पुरत नसताना बाबांनी सांगितलं होतं आणि ताईने लिहून पाठवलं होतं.

"दे काहीतरी ठोकून," आई म्हणाली. "उशीर झाला तर संशय येईल त्याला."

बाबांच्या उशाशी बसून त्यांच्याच तोंडी शब्द घालायचे, हे ताईला नको वाटत होतं. तिने डोळे पुसले, नकाशाखालचे आकडे पाहिले आणि भराभर लिहिलं, "बाबा म्हणतात, तीन तास पन्नास मिनिटं."

मेसेज गेला आणि मग तिच्या लक्षात आलं. बाबांनी उभ्या जन्मात हवेतल्या विमानाचे तास सांगितले नव्हते. त्यांच्या ऑफिसात ते अशुभ मानत. चाकं टेकेपर्यंत फक्त अंतर सांगायचं. घरात कुणी चुकून तास विचारले तर बाबा खेकसत, "किलोमीटर विचारा!" स्क्रीनवर शेजारीच लिहिलं होतं, तीन हजार दोनशे किलोमीटर. पण दुपारभर तास, तास ऐकून तिच्या डोक्यात दुसरं काही उरलंच नव्हतं.

उत्तर येईना. तो काहीतरी लिहीत असल्याचं दिसे, मग थांबे, पुन्हा दिसे.

शेवटी आलं. "ताई, कधी गेले?"

तिने फोन आईपुढे धरला. आई आता चांगलीच झापणार, असं तिला वाटलं. चष्मा नसल्याने आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन ते तीन शब्द कितीतरी वेळ वाचले.

"विचार त्याला," आई म्हणाली, "शेजारी कुणी बसलंय का."