दुसरं बटण

विषारी वायूचा व्हॉल्व्ह उघडायला दोन खोल्यांतल्या दोघांनी एकाच वेळी बटणं दाबायची, असा नियम होता. नाना मात्र पलीकडच्या बटणात काडी खुपसून एकटेच काम उरकायचे. आज तपासनीस बाईंनी ती काडी काढली, त्या खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली मुठीत धरली.

"आता एकट्याच्यानं कसा उघडतो ते बघूच," म्हणत त्यांनी अलीकडचं बटण दाबलं.

दोन्ही बटणांवरचे दिवे लागले.

"नाना, चेष्टा पुरे!"

"अहो बाई, मी तुमच्या मागेच उभा आहे."

भिंतीवरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पलीकडची खोली रिकामी दिसत होती. बटण मात्र दाबलेलं होतं.

बाईंनी झटक्यानं हात मागे घेतला.

त्यांचं बटण वर आलं आणि सावकाश पुन्हा आत जाऊ लागलं.